मासोळबेटाची परी

मध्येमध्ये "पुढे काय झालं" असं विचारायचं नाही, या अटीवर सांगते.

सुरंगीच्या घरी त्या वर्षी नुसती ओढाताण चालली होती. तिचे बाबा चिरेखाणीत काम करायचे, आणि खाणच बंद पडली. आता ते कामासाठी आखातात जाणार होते, तेही तीन वर्षं. सुरंगीला हे कळलं आणि तिला हुंदकाच फुटला. तेव्हा आई म्हणाली की जायच्या आधी दोन दिवस तरी चौघं मिळून मजा करू. मामाची होडी होतीच. मग काय, डब्यात भाकऱ्या आणि बाटलीत कोकम सरबत घेऊन निघाली मंडळी मासोळबेटावर!

आणि बेट तरी कसलं, काय सांगू तुम्हाला! निळंशार पाणी, रुपेरी वाळू, इवल्या इवल्या पिवळ्या फुलपाखरांचे थवेच्या थवे. मधोमध लालतांबडा कातळ, आणि त्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेली चित्रं: एक हत्ती, एक मोर आणि खोलीएवढा मोठा मासा. सुरंगीचा धाकटा भाऊ तातू हत्तीच्या सोंडेवर नाचायला निघाला, तर बाबांनी त्याला उचलून बाजूला ठेवलं. मुक्काम बेटावरच्या देवळाच्या पडवीत होता, त्यामुळे तातू तर हवेतच होता.

माशाच्या अंगावर मात्र चिखल आणि काटेकुटे साचले होते. सुरंगीचा जीव कळवळला. हे साफ कसं करायचं, असं तिने बाबांना विचारलं. छिन्नी नको, खराटाही नको, गवताची मऊ कुंचली आणि पाणी घे, असं सांगून त्यांनी करून दाखवलं. सगळे समुद्रात डुंबत होते आणि ही पोर ओंजळी ओंजळी माती काढत बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी माशाचा गोल डोळा मोकळा झाला.

आणि त्या डोळ्यातून, बरं का, निघाली एक एवढीशी परी! चतुरासारखे झिळमिळते पंख, मोरपंखी झगा, केसांत चमचमत्या टिकल्या.

"किती गुदमरले होते गं मी," परी म्हणाली. "माग तुला हवं ते. पण इच्छा एकच. होडीत पाय ठेवण्याआधी माझ्याशी जे शेवटचं बोलशील, तेच खरं होईल."

सुरंगीला विचार करावाच लागला नाही. तेवढ्यात मामाची हाक आली. परी तिच्याबरोबर भिरभिरत किनाऱ्यापर्यंत गेली. तिथे सुरंगीने डोळे मिटले आणि नीट, सावकाश म्हणाली, "बाबा आमच्याजवळच राहू देत."

झालं की काम! आता फक्त होडीत चढायचं. पण निरोप न घेता कसं निघणार? आणि निघताना "जाते" म्हणायचं नाही, हे तर आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

"येते हं, परीताई," सुरंगी म्हणाली आणि तिने होडीत पाय ठेवला.

मग तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात दाबला आणि तिचे डोळे घळघळा वाहू लागले. शेवटचं बोलणं तेच झालं होतं, आणि आता बाबा जाणार होते.

परी तिच्या गालाशी आली. "लोकांनी माझ्याकडे खूप काय काय मागितलं," ती हळूच म्हणाली. "पण परत येते, असं मला कुणीच म्हणालं नाही गं. आता तुला यावंच लागेल." असं म्हणून ती हसली. गुलाबी, सोनेरी उजेड लखलखला आणि त्यात परी दिसेनाशी झाली.

इतक्यात शेजारी दुसरी होडी लागली. तीतून उतरल्या जुन्या शिल्पांची देखभाल बघणाऱ्या एक बाई. वर कातळापर्यंत जाऊन त्या धावतच परत आल्या आणि मासा इतका जपून कुणी साफ केला, असं विचारू लागल्या. "मी केला, पण कसा करायचा ते यांनी शिकवलं," म्हणत सुरंगीने बाबांकडे बोट दाखवलं. मग बाबांनी कातळ कुठे सुटतो, पाणी कुठून वळवायला हवं, सगळं समजावून सांगितलं.

"असाच माणूस मी वर्षभर शोधतेय," बाई म्हणाल्या. "राहाल का इथे? घर मिळेल, सगळ्यांना घेऊन या."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई रडता रडता हसत होती.

आखातात कुणीच गेलं नाही. पंधरा दिवसांनी मामाची होडी भांडी, गाद्या आणि तातूची सायकल घेऊन बेटाला लागली. शाळेचं विचाराल, तर तीच होडी मुलांना रोज न्यायला येते.

त्या दिवशी होडीतून उतरल्याबरोबर सुरंगीने बाबांचा हात धरला, त्यांना ओढत माशापाशी नेलं आणि खाली वाकून म्हणाली, "आले."