फणीला नाही म्हणणारी सगुणा

सगुणाची सकाळ फणीने उजाडायची, आणि फणीपाठोपाठ रडू यायचं.

तिचे केस कुरळे होते. भोपळ्याच्या वेलीला बारीक बारीक तणावे फुटतात आणि प्रत्येक तणावा आपापला गोल फिरून बसतो, तसे. एक बट इकडे वळायची, एक तिकडे. आई होती तेव्हा ती या बटांमध्ये बोटं घालून हळू हळू गुणगुणायची. मग आई गेली. बाबा बैलगाडी घेऊन लांबलांबच्या बाजारांना जायचे, म्हणून सगुणा आत्याच्या झोपडीत राहू लागली. आत्या दिवसभर लोकांच्या शेतांत राबायची. तिच्यापाशी वेळ थोडा होता आणि फणी बारीक दातांची होती. ती कोरड्या केसांत फणी घालायची आणि ओढायची. केस तुटायचे, विस्कटायचे, फुलायचे, आणि डोक्याचं बोराटीचं झुडूप व्हायचं.

"झिपरी आली, झिपरी आली," गल्लीतली मुलं म्हणायची. "हिच्या डोक्यात चिमण्या अंडी घालतात."

"घालतात ना," सगुणा म्हणायची. "म्हणून तर मी हळू चालते."

असं म्हणून ती ताठ मानेने निघून जायची. घरी आल्यावर मात्र चुलीमागच्या कोपऱ्यात बसून गुडघ्यांत डोकं घालायची.

निळोली गावाच्या टेकडीवर राणीची बाग होती. लाल मातीचे वाफे, पिवळीधमक शेवंती, गुलाबी कण्हेर, आणि पाण्याचे झुळझुळते पाट. वर्षातून एकदा ती बाग गावच्या मुलांसाठी उघडायची. आत गेलेल्या मुलाने एक रोप लावायचं, आणि ते रोप कायमचं त्याचं. त्याच्या सावलीत बसायला कधीही यावं, फुलं वेचावीत, फळं खावीत. सगुणाच्या अंगावरचा परकरसुद्धा आत्याच्या जुन्या लुगड्याचा होता. तिला एक तरी झाड स्वतःचं हवं होतं.

बागेच्या फाटकावर पाटी होती, 'नीटनेटक्या मुलांनी आत यावं.' आणि पाटीखाली ठकूबाई बसायच्या. डोक्याला घट्ट पांढरा रुमाल, हातात चकचकीत रुपेरी फणी. ती फणी त्या प्रत्येक मुलाच्या केसांतून फिरवायच्या. सरकली तर आत जा, अडकली तर घरी जा. गेल्या वर्षी सगुणाच्या केसांत ती अशी अडकली की काढता काढता बटच तुटली. शेजारच्या कुंभाराची इवलीशी बनी, तिचेही केस तसेच. दोघी हात धरून टेकडी उतरल्या होत्या.

या वर्षी बाग उघडायच्या आदल्या दिवशी आत्या म्हणाली, "उद्या सकाळी न्हाव्याला बोलावलंय. तुझं चकोट करू."

"माझे केस काढणार?"

"चकोट डोक्यावर फणी अडकत नाही गं. तुला झाड हवंय ना? मी किती विचार केला, मला दुसरं काही सुचत नाही."

"पण पुन्हा उगवतील ते असेच उगवतील."

"मग पुढच्या वर्षी पुन्हा काढू," आत्या म्हणाली आणि विळा घेऊन कामाला गेली. जाता जाता तिने पदराने डोळे पुसले. ते सगुणाने पाहिलं, म्हणून तिला आत्याचा रागही धड येईना.

ती उठली आणि गावाबाहेर चालत राहिली. थंडीचे दिवस होते. जवसाला फुलं आली होती. निळी निळी, नाजूक, नखाएवढी फुलं. वाऱ्याची झुळूक आली की सगळं शेत तळ्यासारखं हलायचं. सगुणा बांधावर बसली आणि मनसोक्त रडली.

"माझ्या फुलांवर खारं पाणी पडतंय," कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

समोरच्या फुलावर एक परी बसली होती. बोटाएवढी. निळ्या पाकळीचा झगा, दवाच्या पापुद्र्यासारखे पंख, आणि हलली की तिच्याभोवती चांदीची भुकटी भुरभुरायची.

"मी जवसपरी," ती म्हणाली. "काही सांगू नकोस, मला माहीत आहे. एक मागणं माग. पण माझे नियम आहेत. फुलं उघडी आहेत तोवरच मागायचं. दुपार झाली की पाकळ्या गळतात आणि मागणंही गळतं. मागणं एकाच डोक्यापुरतं. आणि मागितलं ते परत फिरत नाही."

"सरळ केस मिळतील?"

"पाण्याच्या धारेसारखे. सगळ्या मुली तेच मागतात."

सगुणाने तोंड उघडलं. मग मिटलं. "आणि बनी?"

"एकाच डोक्यापुरतं."

"म्हणजे मी आत जायचं आणि बनीने फाटकाबाहेर रडायचं."

"नियम आहे, बाळ."

सगुणाने आपली एक बट बोटावर घेतली, ओढली, सोडली. बट टुणकन आपल्या जागी गेली. ओढून सरळ व्हायची नाही म्हणजे नाहीच. ते पाहून सगुणाला तिचा अभिमान वाटला.

"मग मला नको," ती म्हणाली. "सगळे म्हणतात केस बदल, आत्या म्हणते केस काढ, आणि तूही तेच देतेस. माझे केस चुकलेले नाहीत. ते आईच्या केसांसारखे आहेत. त्यांना काय हवंय, ते कुणी विचारत का नाही?"

परी फुलावरून घसरता घसरता राहिली. तिला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

"ते तू विचारतेस का?" तिने हळूच विचारलं.

"मी विचारते."

"विचारायला नियम नाही," परी म्हणाली, आणि तिचे पंख लखलखले. "मग ऐक. कुरळ्या केसाला तहान फार. कोरडा असताना फणी लावलीस की तो चिडतो. त्याला पाणी दे, बोटांनी सोडव आणि माझ्या बियांचा चीक लाव. तुझ्या घरी चटणीच्या डब्यात जवस आहे ना? मूठभर घे, भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजव, ढवळत राहा. पळीवरून धार तुटेनाशी झाली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळ. गरम असतानाच, हं. थंड झालं की बी चिकाला सोडत नाही."

सगुणा धावतच घरी गेली. डब्यात तळाला मूठभरच जवस होतं, तपकिरी, तेलकट, चकचकीत. तिने ते पातेल्यात घातलं आणि चुलीवर ठेवलं. पाणी रटरटलं, फेसाळलं, हळूहळू दाट झालं. पळी वर उचलली तर लांबच लांब सोनेरी धार. तिने पातेलं खाली उतरवलं आणि फडकं घेतलं.

तेवढ्यात शेजारून किंचाळी आली.

बनी अंगणात बसली होती. तिने स्वतःच स्वतःचे केस विंचरायला घेतले होते, आणि फणी केसांत अशी गुंतली होती की हात काढला तरी पडत नव्हती. "मला पण चकोट करतील," ती हुंदके देत होती.

सगुणाने मागे वळून झोपडीकडे पाहिलं. पातेलं थंड होत होतं. ती बनीशेजारी बसली. तांब्याने पाणी ओतलं, बोटांनी एक एक केस सोडवला, घाई केली नाही. फणी निघाली तेव्हा एकही केस तुटला नव्हता.

घरी येऊन पाहते तर पातेल्यात गारगार गोळा. फडक्यात घालून पिळला, तर एक थेंब येईना. आणि डब्यात एकही दाणा उरला नव्हता.

खिडकीतून उन्हाचा कवडसा आला होता. त्यात परी उभी होती, जरा फिकट. "पाकळ्या गळायला लागल्या," ती म्हणाली. "अजूनही माग. सरळ केस म्हण, मी देते."

"नाही."

"हट्टी आहेस."

"केसांवर गेले आहे," सगुणा म्हणाली. तिने बाह्या वर सारल्या. आत्याची कालची भाजी थंडीने थिजली की आत्या काय करते? पाण्याचा हबका मारते आणि पुन्हा चुलीवर ठेवते. सगुणाने गोळ्यावर कढत पाणी ओतलं, पातेलं परत निखाऱ्यांवर ठेवलं आणि ढवळत बसली. हात भरून आला. धूर डोळ्यांत गेला. गोळा आधी हट्टाने तसाच राहिला, मग कडेने सैल झाला, मग विरघळला. या वेळी ती क्षणभरही थांबली नाही. फडक्यातून गरमागरम पिळताना हात पोळू नयेत म्हणून ते दोन पळ्यांमध्ये दाबून पिळलं. खाली भांड्यात पारदर्शक, मधासारखा, झुळझुळीत चीक पडला.

"हे मी शिकवलं नव्हतं," परी म्हणाली.

खिडकीबाहेर शेतावरून उडत आलेली शेवटची निळी पाकळी खाली आली. मागणं संपलं. सगुणाने तिकडे पाहिलंही नाही. ती कोरफडीचं पान सोलून त्याचा गर चिकात घोटत होती.

सकाळी तिने रिठ्याच्या फेसाने केस धुतले, बनीचेही धुतले. केस निथळते असतानाच चीक लावला, बटा मुठीत धरून हलकेच वर दाबल्या आणि दोघी उन्हात बसल्या. "हात लावायचा नाही," सगुणाने बजावलं. "वाळू दे." केस वाळले, आधी जरा कडक झाले, मग मुठीत चुरले तसे मऊ होऊन उलगडले. काळ्याभोर, चमकदार, गोल गोल बटा. हललं की डुलायच्या, थांबलं की थांबायच्या.

न्हावी आला, त्याने पेटी ठेवली, सगुणाकडे पाहिलं आणि पेटी परत उचलली. "अक्का, फुलं खुडायची तर माळ्याला बोलवा. मी न्हावी आहे."

आत्या बाहेर आली. तिने सगुणाच्या डोक्यावरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. "वहिनी उभी आहे असं वाटलं," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं काय ओढत होते गं?" मग तिला भीती वाटली. "पण ठकूबाईंची फणी?"

"फणीला मी बघते," सगुणा म्हणाली.

फाटकापाशी मुलांची रांग होती. सगुणाची पाळी आली तशी ठकूबाईंनी फणी उचलली. "ये. डोकं वाकव."

"नाही," सगुणा म्हणाली.

मागची मुलं रांगेतून वाकून पाहू लागली.

"नाही काय? नियम आहे."

"पाटीवर नीटनेटकं लिहिलंय. फणी लिहिलेली नाही. माझे केस धुतलेले आहेत, सोडवलेले आहेत. हात फिरवून बघा. फणी लावू द्यायची नाही."

"मग घरी जा."

"घरीही जायची नाही. मी इथेच उभी राहते."

"मी पण," बनी म्हणाली आणि सगुणाचा परकर घट्ट धरला.

ठकूबाई रागाने उठल्या. उठताना रुमाल सरकला आणि कानामागून एक पांढरी बट सुटली. सुटली आणि गोल फिरली. अगदी टुणकन. ठकूबाईंनी ती झटकन आत खोचली, पण सगुणाने पाहिली होती.

मोठ्याने सांगितलं असतं तर सगळी रांग हसली असती. सगुणा पुढे झाली आणि बरोबर आणलेलं उरलेल्या चिकाचं छोटं मडकं तिने ठकूबाईंच्या तळहातावर ठेवलं. "ओल्या केसांना लावायचं," ती हळूच म्हणाली. "चार दिवसांत संपवा, नंतर आंबतं. मी ताजं करून आणीन."

ठकूबाई कितीतरी वेळ मडक्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही. "लहानपणी मला झिपरी म्हणायचे," त्या पुटपुटल्या. "तेव्हापासून हा रुमाल आहे." आणि त्यांनी तो सोडला. जाईच्या कळ्यांची रास सांडावी तशा पांढऱ्या बटा खांद्यावर आल्या.

"ठकूआजी," बनी म्हणाली, "तुमच्या डोक्यावर ढग बसलाय."

ठकूबाई हसल्या. मग त्यांनी ती रुपेरी फणी सगुणाच्या हातात दिली. "हिचे दात टोकदार आहेत. वाफ्यातली माती उकरायला बरी पडेल. जा आत. सगळेच जा."

रोपांच्या टोपलीत एक कृष्णकमळाचा वेल उरला होता. त्याचे तणावे इतके वेडेवाकडे वळले होते की कुणी घेतला नव्हता. सगुणाने तोच घेतला. चांगल्या जागा भरल्या होत्या, म्हणून फाटकाच्या खांबाशीच तिने फणीने माती उकरली आणि वेल लावला.

मातीवर निळा उजेड पडला. जवसपरी वेलाच्या शेंड्यावर बसली होती, कधी नव्हती इतकी तेजाळ.

"मागणं तू गळू दिलंस," ती म्हणाली. "आता मी देते ते न मागता. त्याला एकाच डोक्याचा नियम नाही."

तिने शेंड्याला बोट लावलं. वेल सळसळत वर निघाला. खांबावर, कमानीवर, पाटीवर हिरवी पानं आणि जांभळ्या झालरीची फुलं उमलत गेली. उघड्या फाटकाच्या प्रत्येक गजाला तणाव्यांनी गोल गोल विळखे घातले, एकावर एक, एकावर एक. परी हसली, तिच्याभोवतीचा उजेड वाढत वाढत निळा, मग रुपेरी, मग नुसताच उजेड झाला, आणि त्यात ती दिसेनाशी झाली.

संध्याकाळी पहारेकऱ्यांनी फाटक लोटून पाहिलं. ते हललं नाही. चौघांनी मिळून ओढलं, तरी तणावे सरळ होईनात.

राणीच्या बागेचं फाटक त्यानंतर कधी बंद झालं नाही.