अठ्ठेचाळिसावा लागेपर्यंत

मत देऊन आलेला माणूस निकालाआधी गेला, तर त्याचं मत मोजतात का?

हे मी तलाठ्याला विचारलं. तो म्हणाला, "सातबारा हवाय का?" मास्तरांना विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दारावर जो येईल त्याला विचारलं. सगळे म्हणाले, "चहा घे." मी पुष्कळ चहा प्यालो. उत्तर कुणी दिलं नाही.

असो. गोष्ट सांगतो. हसायला हरकत नाही, गाव हसतंच.

एका गावात एक भोळा धाकटा भाऊ होता. गाव धामणवाडी आणि भोळा मी. नाव लिंबाजी, शिक्षण चौथी, तीही मास्तरांनी ढकलत नेलेली. थोरला भाऊ भागवत, माझा दादा. दादाचा धंदा लाऊडस्पीकरचा. दोन कर्णे, एक माईक, एक बॅटरी. लग्न असो, सप्ताह असो, कर्णा आमचा. लोकसभेला तर सगळ्याच पक्षांना आमचाच कर्णा. सकाळी एकाचा जय, दुपारी दुसऱ्याचा. दादा स्वतः मत कुणाला देतो ते कुणालाच माहीत नव्हतं. वहिनी विचारायची. तो म्हणायचा, "कर्णा भाड्याचा, मत माझं."

निकालाचा दिवस म्हणजे दादाचा सण. पहाटे आंघोळ करून रेडिओपुढं बसायचा. राज्यात जागा अठ्ठेचाळीस. एक निकाल लागला की कर्ण्याच्या पेटीवर खडूनं एक रेघ. अठ्ठेचाळीस रेघा झाल्याशिवाय उठायचा नाही आणि जेवायचा नाही.

वहिनी म्हणायची, "अहो, आपल्या जागेचा लागला की. लांबच्यांचं तुम्हाला काय?"

"राज्य सगळं आपलंच आहे," दादा म्हणायचा.

मी म्हणायचो, "दादा, हा पुढं आहे म्हणतायत. मारू का रेघ?"

"आघाडी म्हणजे निकाल नव्हे, लिंब्या. विजयी म्हणतील तेव्हाच रेघ."

रेघा पुऱ्या झाल्या की ताट यायचं. दादा पहिला घास मोडून माझ्या तोंडात घालायचा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तेव्हापासूनची ही रीत. मला मिशा आल्या तरी मोडली नाही. "आधी लिंब्या, मग मी."

या खेपेला प्रचार संपला त्या संध्याकाळी दादानं माईकची वायर गुंडाळली. म्हणाला, "आता मतदान होईपर्यंत आपल्या तोंडातून एक शब्द बाहेर पडायचा नाही. कायदा आहे."

मी तोंड मिटलं. वहिनीनं विचारलं, "भाऊजी, वाढू का?" मी गप्प. तिला वाटलं भूक नाही. मी उपाशी झोपलो. दुसऱ्या दिवशी वहिनीनं अंगणात कुरडया वाळत घातल्या आणि मला राखण बसवलं. शेजारची शेळी आली. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं. तिनं पहिली कुरडई खाल्ली. मी कायदा पाळला. तिनं अर्धं अंगण खाल्लं.

वहिनी बाहेर आली आणि मटकन खाली बसली. "दिसलं नाही का तुम्हाला?"

मी मान हलवली. दिसलं होतं.

दादा हसून हसून भिंतीला टेकला. "अरे येड्या, ते प्रचारापुरतं. काही वावगं दिसलं की ओरडायचं. तिथल्या तिथं. चार माणसांना ऐकू जाईल असं."

मी म्हणालो, "बरं."

दुसऱ्या दिवशी मतदान. शाळेत रांग. माझ्यापुढं सरपंच. महिनाभर एका पक्षाचा रुमाल गळ्यात घालून ते गावभर फिरले होते. आमच्याच कर्ण्यावरून त्यांनी बेंबीच्या देठापासून ओरडून मतं मागितली होती. ते पुठ्ठ्यामागं गेले. मी उंच आहे. मला पुठ्ठ्यावरून दिसलं. मी ओरडलो, "सरपंच, चुकलात. तुम्ही खालचं बटण दाबलं. आपलं वर आहे."

मतदान केंद्राचे साहेब खुर्चीतून उठले. मग बाहेरची रांग हसायला लागली. सरपंचांनी गळ्यातला रुमाल काढून घाम पुसला. साहेबांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं, मग दादाच्या विनवण्यांवरून परत आत आणून मत देऊ दिलं.

घरी येताना दादानं माझा कान धरला. "आत जे दिसलं ते आत. बाहेर काढायचं नाही. कुणी कितीही विचारलं तरी."

"वहिनीनं विचारलं तर?"

"तिनं विचारलं तर मुळीच नाही."

मी म्हणालो, "बरं."

पाचव्या दिवशी दादा शाळेजवळच्या लिंबावरचा कर्णा उतरवत होता. मध्येच तो खाली बसला आणि छातीवर हात ठेवला. "कळ आली रे जराशी. वहिनीला बोलू नको. उगाच घाबरेल."

मी म्हणालो, "आतलं आत."

"शाबास," दादा म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा मला धडा बरोबर लागू पडल्यासारखं वाटलं. वहिनी मला दोनदा म्हणाली, "यांचा चेहरा असा का उतरलाय?" मी तोंड मिटलं. तीन दिवस मिटून ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी दादा उठलाच नाही.

ही चूक हसण्यासाठी नाही. रांगेत तिचा नंबर येतो म्हणून सांगितली.

मी वहिनीला सगळं सांगितलं, पण तेव्हा सांगून काय होणार होतं? ती ओरडली नाही. भिंतीकडं बघत एवढंच म्हणाली, "भाऊजी, सांगायचं होतं. जे असेल ते लगेच सांगायचं. मोठ्यानं. सगळ्यांना."

मी म्हणालो, "बरं."

दादाचा दहावा आला तो नेमका निकालाच्या दिवशी.

नदीवर गुरुजींनी भाताचा पिंड मांडला. आम्ही हात जोडून लांब उभे राहिलो. बाभळीवर कावळे होते, चांगले वीसेक. एकही खाली येईना. मुंजाजीकाका, म्हणजे आमचे चुलते, पुढं झाले. "भागवता, घरावरचं राहिलेलं छप्पर मी पुरं करतो." कावळा येईना. वहिनी म्हणाली, "आपल्या पोरीला शिकवीन. लवकर लग्न लावणार नाही." कावळा येईना. सरपंचही आले होते. ते म्हणाले, "भागवता, तुझ्या भावावर माझा राग नाही." तरीही येईना.

मला माहीत होतं. मी म्हणालो, "तो आत्ता जेवायचा नाही."

"कोण?" काका म्हणाले.

"दादा. आज निकाल आहे. अठ्ठेचाळीस लागल्याशिवाय तो घास घेत नाही."

काकांनी कपाळावर हात मारला. गुरुजी म्हणाले, "फार वेळ थांबता येत नाही. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिववतो."

मी म्हणालो, "गवताचा कावळा म्हणजे आघाडी. निकाल नव्हे."

गुरुजींनी काकांकडं पाहिलं. काकांनी आभाळाकडं पाहिलं.

वहिनी म्हणाली, "थांबू या. सोळा वर्षं यांच्या जेवणाला थांबलेय. अजून एक दिवस थांबते."

गुरुजींनी पोथी मिटली. सगळे सावलीला बसले. मी पळत घरी गेलो आणि रेडिओ, पेटी, बॅटरी, कर्णा, सगळं घेऊन आलो. सांगायचं तर लगेच, मोठ्यानं, सगळ्यांना. कर्णा कुठं बांधावा? उंच जागा एकच होती. बाभळ.

दुपारी पहिला निकाल लागला. मी पेटीवर रेघ मारली, माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "हॅलो, हॅलो. दादा, पहिला लागला."

वीसच्या वीस कावळे उडाले. एकदाही वळून न बघता नदी ओलांडून गेले.

काका शांतपणे म्हणाले, "लिंब्या, कावळा बोलवायचाय का हाकलायचाय?"

त्यांनी विळ्यानं वायर कापली. आमच्या कर्ण्याचा आवाज कायमचा गेला, तो तेव्हा. पण मी निकाल थांबवले नाहीत. रेडिओ कानाला लावायचा, रेघ मारायची, पिंडापर्यंत जायचं, वाकून सांगायचं, परत यायचं. कोण कुठून निवडून आला, सगळं. चाळीस फेऱ्या झाल्या. पाहुणे एकेक करून उठले. सरपंच गेले. गुरुजी म्हणाले, "मी दहा वर्षांपूर्वीच शहरात जायला हवं होतं." पण बसून राहिले.

उन्हं कलली तेव्हा सत्तेचाळीस रेघा होत्या. एक जागा अडली होती, फेरमोजणी चालू होती. ती जागा आमचीच. दादाचं मत होतं ती.

काका म्हणाले, "झालं की आता. एकानं काय होतंय?"

"दादाला विचारा," मी म्हणालो.

शेवटी लागला. जिंकलेला माणूस दादाचा होता का हरलेला, मला माहीत नव्हतं. म्हणून मी दोघांचीही नावं सांगितली आणि मतंही सांगितली. "दादा, यातलं एक तुझं," म्हणालो. "मोजलं असेल तर." अठ्ठेचाळिसावी रेघ मारली.

तेवढ्यात एक कावळा आला. एकच, पलीकडच्या काठावरून. पिंडाजवळच्या दगडावर बसला. वहिनी उभी राहिली. काकांनी हात जोडले.

कावळा पिंडाकडं बघेना. तो मान वाकडी करून माझ्याकडं बघत होता. दोन पावलं पुढं आला. थांबला. पुन्हा माझ्याकडं बघायला लागला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बिचाऱ्यानं कितीदा सांगितलं होतं. आधी लिंब्या, मग मी.

मी पुढं झालो, खाली बसलो आणि पिंडातला एक घास उचलून तोंडात घातला.

गुरुजींच्या हातून तांब्या पडला. काका धावले. गावाच्या आठवणीत इतकी मोठी चूक कुणी केलेली नाही. आता पोरंसुद्धा मला बघून काव काव करतात. वहिनी म्हणते, त्या गडबडीत कावळा पुढं झाला आणि शिवला. काका म्हणतात, शिवला नाही, भिऊन उडाला. त्या जागेची फेरमोजणी करता येत नाही. मी पाहिलं नाही, माझी मान काकांच्या हातात होती.

ते पाठीत धपाटे घालत होते. "थुंक," म्हणत होते. "लिंब्या, थुंक आधी." गुरुजी म्हणत होते, थुंक. सगळा घाट म्हणत होता, थुंक.

जन्मभर मी सांगितलेलं ऐकत आलो. तेवढं एक ऐकलं नाही. भात सकाळचा होता, गार आणि बिनमिठाचा. मी तो नीट चावला आणि गिळला.