पलीकडच्या मठाचा पत्ता

"...म्हणजे कार्डात दोष नाही म्हणतोस?" निरंजनगीर महाराजांनी विचारलं.

"अजिबात नाही," सुमेध म्हणाला. "संगणकातल्या लिनक्स प्रणालीनं ते लगेच ओळखलं. हे बघा ना, पत्त्यावर हाक मारली की उत्तर येतंय."

पडद्यावर ओळीमागून ओळ उमटत होती.

डोंगरावरच्या त्या मठात महाराज एकटेच राहत. खिंडीपलीकडच्या मठात त्यांचे गुरुबंधू भुजंगगीर. दोघांचीही ऐंशी उलटलेली, त्यामुळे खिंड ओलांडणं कधीच थांबलं होतं. फोनला रेंज नव्हती. छपरांवरच्या तबकड्यांनी दोन्ही मठांतले संगणक तेवढे जोडलेले होते. रोज सकाळी दोघं एकमेकांना एक ओळ लिहीत.

पंधरवड्यापूर्वी वीज पडली आणि संगणकातलं नेटवर्क कार्ड जळालं. तेव्हापासून ओळ नाही. तिकडून शेवटची आली होती ती, 'ताप उतरत नाही', एवढीच.

सुमेध महाराजांचा शिष्य, पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत नेटवर्कचा प्रमुख. खालच्या गावातून निरोप मिळताच नवं कार्ड घेऊन वर आला. "अर्ध्या तासाचं काम आहे," म्हणाला होता. आज चौथा दिवस.

महाराज उठले. संगणकामागे वाकले आणि कार्डातली वायर उपसून हातात धरली.

"आता मार हाक."

सुमेधनं मारली.

उत्तर आलं... पुन्हा आलं.

"हा याच संगणकाचा पत्ता आहे, महाराज," सुमेध जरा चाचरत म्हणाला. "आधी असंच तपासतात."

"आणि भुजंगाचा?"

"तिकडून उत्तर येत नाही. चूक तिकडचीच असणार."

"तिकडचा पत्ता तुला कुणी दिला?"

"जुन्या फाइलीत होता."

"कुणाला विचारलास?"

"त्यात विचारायचं काय? मी रोज हेच करतो."

महाराजांनी वायर त्याच्या हातात ठेवली.

सुमेध वहाणा घालून बाहेर पडला.

खिंड ओलांडायला चार तास लागले. पलीकडच्या मठाच्या पायरीवर भुजंगगीरांचा स्वयंपाक करणाऱ्या द्वारकाबाई बसल्या होत्या. आत खाट रिकामी होती.

"परवा गेले," त्या म्हणाल्या. "उठवत नव्हतं, तरी सकाळी मशीनपुढं बसवा म्हणायचे. बसायचे नि बघत राहायचे."

सुमेध आत मशीनपाशी गेला.

तबकडी संगणकाला जोडणारी तिकडची पेटीही त्याच विजेत गेली होती. तालुक्याहून माणूस येऊन नवी बसवून गेला होता. नवा पत्ता त्यानं भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता, कुणालाही दिसेल असा.

दुसऱ्या दिवशी सुमेध परतला. महाराजांशी न बोलता संगणकापुढं बसला. वायर लावली, कार्डाला नव्या पत्त्याशी जुळणारा क्रमांक दिला आणि खिंडीपलीकडे हाक मारली.

उत्तर आलं.

"लागलं," तो म्हणाला. "महाराज... भुजंगगीर महाराज गेले. मी इथं आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी विचारायला गेलो असतो तर..."

महाराजांनी डोळे मिटले.

बाहेर वाऱ्यानं तबकडी करकरत होती.

मग महाराजांनी कीबोर्ड जवळ ओढला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, एक ओळ लिहिली. पाठवली.

सुमेधला राहवलं नाही. "महाराज, तिकडे आता वाचायला कुणी नाही. त्या द्वारकाबाई तेवढ्या आहेत, एकट्याच बसलेल्या."

महाराज त्याच्याकडे वळले.

"त्यांना वाचता येतं का, विचारलंस?"