धुरपदेचा कप

फार वर्षांपूर्वी, कनेरपेठेला अजून एसटी येत नव्हती तेव्हा, बाजारात रंगशेठचं हॉटेल होतं. आत बाकडी आणि पांढरेशुभ्र कप. बाहेरच्या कोनाड्यात कान तोडलेले कप. गावकुसाबाहेरच्या माणसानं त्यातला एक घ्यायचा, उकिडवं बसून वरून ओतलेला चहा प्यायचा आणि कप आपणच विसळून ठेवायचा. आतल्या एखाद्या कपाला त्याचा हात लागलाच, तर शेठ पितळी वजनानं त्या कपाचा कान उडवायचा आणि तो कोनाड्यात टाकायचा. ही चाल मोडणारा कायदा झाला होता, पण तो पेठेच्या वेशीपाशीच थांबला होता.

धुरपदा केरसुण्या विकायची. तिची केरसुणी झिजायची, पण सुटायची नाही, असं म्हणतात. दिवाळीआधीच्या बाजाराला ती चार कोस चालत आली. रंगशेठनं तिच्याकडून नवी केरसुणी घेतली, कपाळाला लावली आणि आत नेऊन ठेवली. मग धुरपदेपुढे कानतुटका कप सरकवला.

धुरपदा कपाकडे बघत राहिली. तिचा बाप याच कपात प्यायला होता. पुढच्या बाजाराला तिची लेक पहिल्यांदा भारा घेऊन येणार होती. लेकीच्या हातात हा कप जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं.

"शेठ, केरसुणीला लक्ष्मी म्हणून आत घेतलीत. ती वळली कुणी?"

"धुरपदे, सणाच्या तोंडावर वाद नको."

"वाद कशाला? चा प्यायला आले."

ती उंबरा ओलांडून बाकड्यावर बसली आणि समोरच्या परातीतला भरलेला कप उचलून प्याली. शेठनं तो हिसकावून त्याचा कान उडवला. तिनं दुसरा उचलला. कुणीतरी तिला दंडाला धरून रस्त्यावर ढकललं, केरसुण्या तुडवल्या. ती उठली आणि परत त्याच जागी बसली.

तेव्हा बाहेरून केरू हमाल आत आला. "सरक, धुरपदाक्का. मलाबी तहान लागलीय."

मग मोळीवाल्या आल्या, चांभार आले, वाजंत्री आले. एकेक जण प्यायचा, शेठ एकेक कान उडवायचा.

"हाणा शेठ, अजून बारा हायत," केरू म्हणाला.

कान उडवल्याचा आवाज नदीपल्याड ऐकू गेला, असं म्हणतात. शेवटचा कान पडला, त्या घटकेला पेठेतल्या घरोघरच्या कपांचे कान आपोआप गळाले, असंही म्हणतात.

दिवस कलताना पाटील आले, बाकड्यावर बसले आणि त्यांनी चहा मागवला. शेठनं सगळी फडताळं धुंडाळली. शेवटी बिनकानाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. पाटलांनी तो धरला आणि बोटं झटकली.

"कडेनं धरा, पाटील," धुरपदा म्हणाली. "आमाला सवय हाय."

पाटलांनी कप कडेनं धरला.

पुढच्या बाजाराला तिची लेक भारा बाहेर टेकवून थेट आत जाऊन बसली.

अजूनही दिवाळीआधीच्या बाजाराला कनेरपेठेत कुठल्याच हॉटेलात कानाचा कप मिळत नाही. पहिला चहा केरसुणीवालीला, तोही आत, बाकड्यावर. त्या दिवशी ज्याचा कप त्यानंच विसळायचा, मग तो कुणी का असेना. आणि नवख्याचं बोट भाजलं, की शेजारी बसलेला कुणीही सांगतो, "कडेनं धर. धुरपदेचा कप आहे."