दरबाराचं ठेंगणं दार

एका गावात ठकू नावाची गवळण होती आणि तिच्या गोठ्याला दार नव्हतं. बिबट्यानं म्हशीची दोन पारडं नेली होती. तिसरं शिल्लक होतं.

त्याच सुमारास राजानं पणजोबांच्या काळातला दरबार दुरुस्तीला काढला. जुनं दार अस्सल सागवानी, पण ठेंगणं. त्याच्या जागी हत्ती आत येईल एवढं उंच दार बसलं. जुनं लाकूड चुलीत घाला, असा हुकूम सुटला.

ठकू प्रधानजींकडे गेली. "चुलीत घालण्यापेक्षा मला द्या."

"अगं, मोडकं आहे ते."

"मोडकं नाही, सुटं आहे."

तिनं एकही खुंटी तोडली नाही. प्रत्येक खुंटी मागून ठोकून काढली, प्रत्येक तुकड्यावर गेरूची खूण केली आणि म्हशीच्या पाठीवरून अकरा खेपा केल्या. वाटेत लोक विचारायचे, "ठकूताई, म्हशीला दरबारात नोकरी लागली का?"

"वाट सोडा," ती म्हणायची.

गोठ्यावर तिनं खुणेला खूण जुळवून चौकटीसकट दार उभं केलं. बिबट्या दोनदा आला. फळ्यांवर नखं घासून निघून गेला.

इकडे नव्या दरबारात भलतंच झालं. जो तो ताठ मानेनं आत येऊ लागला. इतकी वर्षं राजाला वाटायचं, लोक आपल्याला वाकतात. लोक चौकटीला वाकत होते, डोकं आपटू नये म्हणून.

राजा स्वतः दार मागायला आला. ठकू आत धार काढत होती. राजाला वाकूनच आत यावं लागलं. समोर म्हैस होती. तिनं मुजरा घेतला.

"ठकू, दार परत दे."

"नाही महाराज. आत पारडू आहे."

"मी राजा आहे."

"आहातच. पण बिबट्याला ते माहीत नाही."

राजानं बराच विचार केला. तोवर पारडू त्याचा शेला चघळत होतं.

"मग लोकांनी माझ्यापुढे वाकायचं कसं?"

"इथं येऊन बसा. दार आहेच."

दुसऱ्या दिवसापासून दरबार गोठ्यात भरू लागला. लोक पूर्वीसारखे वाकून येऊ लागले. म्हैस प्रधानजींच्या शेजारी असते. दोघंही मान हलवतात आणि कामं पूर्वीइतकीच होतात. नव्या दरबारात हत्ती बांधलाय. त्याला आत जाता येतं.

तात्पर्य: जुनी वस्तू टाकण्याआधी ती आपलं कोणतं काम गुपचूप करत होती, ते बघून घ्यावं, नाहीतर ती परत मागायला वाकून जावं लागतं.