गिरजाची जाडजूड वही

एका गवळ्यांच्या गावात अंबूआबा नावाचे गुरांचे जाणते वैद्य राहत. उतारवयात त्यांनी गावातल्या मुलांना आपली विद्या शिकवायला घेतली. वर्ग भरायचा गोठ्यात. आबा जनावरापाशी उभे राहून सांगायचे आणि मुलं वहीत टिपून घ्यायची.

त्या मुलांत गिरजा सगळ्यात हुशार, निदान तिला तरी तसं वाटायचं. आबांच्या तोंडचा एक शब्द ती सोडत नसे. शिकवता शिकवता आबा ओरडले, "अरे, ते वासरू सुटलं, धरा त्याला!" तर बाईसाहेबांनी तेही लिहून घेतलं. मान खाली आणि बोरू सुसाट. शेजारची येसू मात्र नुसती टकमक बघत बसायची आणि शेवटी दोन ओळी खरडायची.

"अगं, सगळं लिहून घे," गिरजा तिला ठसक्यात सांगायची. "नाहीतर वेळ आली की माझ्याच दारात येशील."

एके दिवशी आबा परगावी गेले होते. त्याच सकाळी गिरजाच्या घरच्या चंद्री म्हशीने लसूणघासाचा ओला चारा अधाशासारखा खाल्ला. घटकाभरात तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ती धापा टाकू लागली. घरात दुभतं जनावर ते एकच.

"पोरी, तू शिकतेस ना?" आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "कर की काहीतरी!"

गिरजाने वही उघडली. पोटफुगीवर चांगली अकरा पानं निघाली. त्यात लिहिलं होतं, 'जनावर असं उभं करायचं. काडी तोंडात अशी बांधायची. मग इथं चोळायचं. तिथं नाही रे, इथं.'

आता बोला! असं म्हणजे कसं, आणि इथं म्हणजे कुठं? आबांनी ते हाताने दाखवलं होतं आणि तेव्हा गिरजाचं डोकं वहीत होतं. चंद्रीने गुडघे टेकले तशी गिरजाची पाचावर धारण बसली. सगळा ठसका विसरून ती येसूच्या घराकडे धावत सुटली.

येसूच्या वहीत पोटफुगीला अर्धंच पान होतं. त्यावर एक वेडीवाकडी म्हैस काढलेली, पुढचे पाय चढावर, तोंडात आडवी काडी, डाव्या कुशीवर फुली. खाली एवढंच, 'काडी चघळली की वारा सुटतो.' दोघींनी आईच्या मदतीने चंद्रीला उठवलं, चढावर उभं केलं, काडी बांधली आणि डावी कूस चोळायला सुरुवात केली. हात भरून आले तेव्हा कुठे चंद्रीने एक लांबलचक ढेकर दिला. गिरजा तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

संध्याकाळी आबा परतले. त्यांनी ती अकरा पानं शांतपणे वाचली.

"पोरी, यात मी सगळा आहे," ते म्हणाले. "म्हैस कुठं आहे?"

गिरजाने त्यांच्या हातातली वही घेऊन मिटली.

"उद्यापासून आधी बघ. नाही कळलं तर मला अडव. मी बोलायचा थांबलो की मग लिही, आणि तुझ्या शब्दांत लिही."

दुसऱ्या दिवशी आबा बैलाचा खूर तपासायला शिकवत होते. गिरजाने बोरू कानाला अडकवला होता. मध्येच ती उठली. "आबा, थांबा. नाही कळलं. मला धरून बघू द्या." आबांनी खूर तिच्या हातात दिला. त्या दिवशी तिच्या वहीत तीनच ओळी झाल्या.

तात्पर्य: गुरूचा शब्द न् शब्द उतरवला म्हणजे विद्या आली असं नाही. आधी पाहावं, समजून घ्यावं, अडलं तर विचारावं आणि मग मोजकं लिहावं. तेच वेळेला कामी येतं.