डोहात मासा नाही

"...पन मासा तर तिथंच होता, बाबा. मग तुमी नाही काहून म्हटलं?"

खेमराजनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्या दोन वेळा उरकुडाबाबा नुसते खोकले होते. या वेळी त्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आपल्या नेहमीच्या दगडावर बसले होते. अंगावर घोंगडी, समोर घमेल्यात विस्तव. सूर्य नुकताच वर आला होता आणि पाण्यावरून धुकं उठत होतं.

बिरडीटोल्याच्या धिवरांची एक रीत होती. सकाळी जाळं घेऊन निघण्याआधी सगळे या दगडापाशी येत. बाबा कोपरापर्यंत हात पाण्यात घालत, थोडा वेळ तसाच ठेवत आणि एकच शब्द बोलत. 'आहे', नाहीतर 'नाही'. 'आहे' म्हटलं की जाळी निघत. 'नाही' म्हटलं की माणसं मुकाट घरी जात. चाळीस वर्षांत या शब्दावर कोणी वाद घातला नव्हता.

वाद घालायला खेमराज मारबते जन्माला यायचा होता.

दोन वर्षं तो बाबांच्या हाताखाली शिकत होता. बाबांचे गुडघे गेले होते. आज ना उद्या त्या दगडावर खेमराजच बसणार, हे गावानं धरून ठेवलं होतं, आणि खेमराजनं जरा जास्तच धरलं होतं. मधे सहा महिने तो मत्स्यपालन शिकून आला. येताना लांब दोरीला बांधलेली एक तापमापी घेऊन आला. तेव्हापासून तलावाला ताप आहे की काय, असं वाटावं इतक्या वेळा तो ती पाण्यात सोडत असे.

त्या पौषात उत्तरेचा वारा सुटला. आधी दोन दिवस आभाळ आलं होतं, तेव्हा मासा नुसता तुटून पडला होता. मग आभाळ निवळलं, वारा फिरला आणि थंडीनं गावाला दातखीळ बसवली. आधीच लावून ठेवलेल्या उभ्या जाळ्यांत शेवाळ सोडून काही येईना.

तीन सकाळी बाबांनी हात पाण्यात घातला. तिन्ही सकाळी म्हणाले, "नाही."

आणि चार दिवसांवर गावचा शंकरपट होता. बैलांच्या शर्यती पाहायला पाहुणे येणार, जावई येणार. धिवराच्या घरी जावई आला आणि पानात मासा नाही, म्हणजे तोंड दाखवायला जागा उरत नाही.

बाकीचे जावयांच्या काळजीत होते. खेमराजला वेगळाच किडा चावला होता. मासा जातो कुठं? कालपरवापर्यंत उड्या मारणारा मासा एका रात्रीत कुठं नाहीसा होतो?

तो एकटाच डोंगी घेऊन हिंडला. काठाला तापमापी सोडली, मधे सोडली, शेवटी तलावातल्या सगळ्यात खोल जागी, डोहात सोडली. तलाव सगळा गारठला होता, पण डोहाच्या तळाशी पाणी दोन अंश ऊबदार होतं. मग त्यानं बांबू आत घातला. बांबू चिखलात रुतला नाही. काहीतरी मऊ लागलं. ते जरासं सरकलं आणि तिथंच थांबलं. त्यानं आणखी चार ठिकाणी बांबू घातला. चारही ठिकाणी तेच!

खेमराजला इतका आनंद झाला की त्यानं डोंगीतच टाळी वाजवली. रोहू, कटला, मरळ... सगळा तलाव त्या एका खड्ड्यात येऊन बसला होता.

शहाणा असता तर गप्प राहिला असता. त्यानं संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून टाकलं.

म्हणून आज तो बाबांच्या समोर उभा होता आणि मागून बाराजण खांद्यावर ओढायचं मोठं जाळं घेऊन येत होते. विचारायला नव्हे. निघायच्या तयारीनं.

"बाबा, रागावू नका. पन तुमचा हात चुकला," खेमराज म्हणाला. आवाजात आदर होता. त्याखाली थोडी खुशीही होती.

"हात काहून चुकंल? हात पान्यात घातला, गार पडला."

"मग मासा नाही, हे कशावरून म्हटलं?"

"तू कशावरून आहे म्हनतं?"

"बांबूले लागला जी!"

"बांबूले लागला." बाबांनी मान हलवली. "तुले लागला का?"

खेमराजला हा प्रश्नच कळला नाही.

तेवढ्यात माणसं आली. सगळ्यात पुढे शालिक, आठ दिवसांपूर्वी तापातून उठलेला. सगळ्यात मागे नीळकंठकाका, पासष्ट वर्षांचे, पाय सुजलेले, पण जाळ्याचं एक टोक सोडायला तयार नाहीत.

"राम राम, बाबा," शालिक खोकत म्हणाला. "आज तुमाले हात भिजवाले लावत नाही. खेमराजनं मासा पाहून ठेवला आहे. आमी उतरतो."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी दगडापाशी येऊन शब्द मागितला नव्हता. सगळे बाबांच्या तोंडाकडे पाहू लागले.

बाबांनी विस्तव काडीनं हलवला.

"उतरा," ते म्हणाले. "पन आधी एकटा खेमराज उतरंल. तो डोहाच्या कडेले उभा राहंल. ज्यानं पाहिला त्यानंच सांगाव."

इथं उतरणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. थंडीत मासा हलत नाही, म्हणून उभ्या जाळ्यात तो येऊन अडकत नाही. त्याला ओढूनच काढावं लागतं. तो चिखलाला चिकटलेला असतो, म्हणून जाळ्याची खालची दोरी जरा उचलली की खालून निसटतो. ती उचलू नये यासाठी माणसं डोहाच्या कडेनं छातीभर पाण्यात उभी राहतात, दोरी पायानं दाबून धरतात आणि पायाशी आलेला मासा वाकून हातानं उचलतात. एका ओढीला दोन तास लागतात. आणि उन्हाळ्यात हे सगळे हसतखेळत करतात.

"हे काय मोठं!" खेमराज म्हणाला. सदरा काढून तो पाण्यात शिरला.

गुडघ्यापर्यंत तो ऐटीत गेला. कमरेपाशी त्यानं श्वास रोखला. छातीशी पाणी आलं तेव्हा त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की काठावरचे हसले.

"तळाले काय आहे?" बाबांनी विचारलं.

"चिखल!"

"वारा कोनीकडून?"

"उत्तरेकडून!"

"आभाळ कसं?"

"निरभ्र. थंडी आनखी दोन दिवस राहंल. तिसऱ्या दिवशी वारा फिरंल." खेमराज पाण्यातूनही शिकवत होता.

"तुह्या मायचं माहेर कोनतं?"

"आता हे काय जी!"

"सांग ना."

प्रश्न संपेचनात. वांगी किती लावली, बैलाचं नाव काय, कुठल्या तारखेला शाळा सोडली. ऊन पाळीवरच्या बाभळीपर्यंत चढलं. काठावर शेकोटी पेटली आणि माणसं हात शेकू लागली. खेमराजचे ओठ निळसर दिसायला लागले, पण माघार घेणारा तो नव्हता.

"बाराचा पाढा म्हन."

"बारा एके बा-बारा. बारा दुने... चो-चोवीस..."

बारा सातेपाशी तो अडला. पाढा येत नव्हता असं नाही. तोंडच साथ देईना.

आणि अचानक तो ओरडला, "आहे! आहे जी! पायाले लागला!"

काठावर एकच गलका झाला. शालिकनं तिथल्या तिथं सदरा काढला. त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आल्या होत्या. नीळकंठकाका जाळ्याची घडी सोडू लागले.

"थांबा," बाबा म्हणाले. "धर त्याले, खेमराज."

खेमराज वाकला. पाणी हनुवटीला लागलं. हाताला मासा लागला. चांगला हातभर लांब रोहू असावा. तो पळाला नाही. जागचा हललासुद्धा नाही. इतका शांत मासा खेमराजनं आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यानं बोटं मिटली.

बोटं मिटली नाहीत.

त्यानं दुसरा हात लावला. दोन्ही तळहातांत मासा होता, पण हात नुसते त्याच्यावरून घसरत होते. मासा दोन बोटं सरकला आणि पुन्हा थांबला. खेमराजनं पुन्हा हात घातला. मग पुन्हा.

मग तो घाबरला. पाय उचलून पाहिला, तर पाय कुठं टेकलाय तेच कळेना. काठ पंचवीस हातांवर होता. एकाएकी तो फार लांब वाटू लागला.

"धरला का?" शालिक ओरडला आणि पुन्हा त्याला खोकल्याची उबळ आली. खोकत खोकतच तो पाण्यात घोट्यापर्यंत आला.

खेमराजनं काठाकडे पाहिलं. बाराजण होते. काहींनी सदरे काढले होते. नीळकंठकाका वाकून, सुजलेल्या पायांवर धोतर वर खोचत होते.

बाबांनी आवाज चढवला नाही. रोज माणसं त्यांना विचारत, तशाच स्वरात त्यांनी विचारलं.

"खेमराज, डोहात मासा आहे का नाही?"

...

मासा त्याच्या पोटरीला टेकून होता.

"नाही," खेमराज म्हणाला.

"काय?" शालिक थबकला.

"नाही म्हनतो ना. दगड होता. पा-पायाले दगड लागला."

"आन काल? बांबूले लागला तो?"

"तोई दगडच."

मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच हसले. हसण्यात चीडही होती. एवढ्या थंडीत अंथरुणातून उठवून आणलं होतं त्यांना.

"अरे, सहा महिने शिकून आला आन दगडाले मासा म्हनते!"

"ते काचेची नळी पोट्ट्यांले खेळाले देऊन टाक, मास्तर!"

"बाबा नाही म्हनत होते तर आयकाव ना लेकहो!" नीळकंठकाका म्हणाले आणि जाळ्याची घडी पुन्हा घालू लागले. आपणही धोतर खोचून निघालो होतो, हे ते विसरले असावेत.

शालिकनं सदरा घातला. "बाबा, शंकरपटाले जावई येते हो माहा. त्याले काय वाढू?"

"वांग्याची भाजी वाढ. जावई मरत नाही वांग्यानं."

माणसं जाळं उचलून परत गेली. पाळीच्या पार पलीकडे गेल्यावरही त्यांचं हसणं ऐकू येत होतं. 'दगड' हे नाव आता वर्षभर तरी खेमराजला चिकटणार होतं. त्या दगडावर बसायचं स्वप्न पाहणाऱ्याला हे झोंबलं. फार झोंबलं.

बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले, पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि काठी पुढे केली. खेमराज पाय ओढत कसाबसा काठाजवळ आला, पण त्याला काठी धरता येईना, तेव्हा त्यांनी ती त्याच्या काखेत घालून त्याला बाहेर ओढलं. आपली घोंगडी त्याच्यावर टाकली. घमेलं त्याच्या पायाशी सरकवलं.

बऱ्याच वेळानं त्याच्या दातांचा आवाज थांबला. बोटं दुखायला लागली, म्हणजे बोटं परत आली. तो विस्तवाकडे पाहत होता. डोळ्यांत पाणी होतं. ते धुरानं आलं असं त्यानं दोनदा सांगितलं.

पण प्रश्न विचारायची खोड थंडीनं जात नाही.

"बाबा..."

"हं."

"तुमाले ठाऊक होतं. डोहाचं."

"माह्या बापालेई ठाऊक होतं."

"मग थंडी लय आहे, उतरू नका, असं सरळ सांगाले काय झालं?"

"तुले सांगतलं असतं तर?"

खेमराजनं विचार केला. त्याला स्वतःचा सदरा काढतानाचा आवेश आठवला. 'हे काय मोठं!'

"उतरलो असतो," तो म्हणाला.

बाबांनी विस्तवावर दोन शेण्या टाकल्या. धूर झाला. मग हळूहळू जाळ आला.

"म्हंजे अशा थंडीत तुमी आजवर कधीच 'आहे' म्हटलं नाही?"

"एक डाव म्हटलं."

"कधी?"

"डोमा होता तवा. तोच पयले उतरला."

डोमा म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. खेमराज जन्मायच्या आधीच तो गेला होता. हिवाळ्यात गेला, तापानं गेला, एवढंच गावात सांगत. बाबांच्या घरात त्याचं नाव काढत नसत.

खेमराजनं घोंगडी छातीशी घट्ट ओढली. विचारावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं विचारलंच.

"मग... मासा नव्हता का, बाबा, त्या दिवशी?"

उरकुडाबाबा पाण्याकडे पाहत होते. धुकं विरलं होतं आणि डोहाचं पाणी अगदी स्वच्छ, सपाट दिसत होतं.

"होता ना, बापू," ते म्हणाले. "सारं गाव दोन दिवस खात होतं."